मानेखालचं गाणं

माझ्या भाचीला कॉलेजातून एक काम मिळालं होतं. कोणत्याही एका पॉप गाण्याचा व्हिडिओ घ्यायचा आणि त्यातला कॅमेरा, एडिटिंग आणि वेशभूषा यांवर सहा पानं लिहायची. भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. इथे छत्तीसगढात, दुर्गच्या एका कॉलेजात मीडियाचा कोर्स करते आणि पुढे एडिटर होणार म्हणते. हे खूळ तिच्या डोक्यात माझ्यामुळेच शिरलं. लहानपणी ती माझ्या खुर्चीच्या हातावर बसून लग्नांचे व्हिडिओ बघायची आणि कोणती आजी कुठल्या शॉटनंतर आली पाहिजे हे मला सांगायची. त्यामुळे रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन ती आमच्या बोरसीच्या घरी आली यात नवल नव्हतं. नवल तिनं निवडलेल्या गाण्याचं होतं.

"आत्या, हे पाह्य," ती म्हणाली. "आपल्या भिलाईतच शूट केलं आहे. इतकं घटिया आहे ना, लिखने को बहुत कुछ मिलेगा."

तिनं गाणं लावलं आणि पहिल्या ढोलकीलाच माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. ते गाणं दोन वर्षांपूर्वी मी कापलं होतं. आमच्या धंद्यात एडिटिंगला कापणंच म्हणतात आणि या गाण्याच्या बाबतीत तो शब्द फारच खरा आहे.

भाचीला हे माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. गाण्याच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात, चहा देणाऱ्याचंसुद्धा येतं, पण माझं नाव घालू नका असं मीच प्रोड्युसरला सांगितलं होतं. असल्या कामाखाली सही कोण करतं? आणि आता ही पोरगी माझ्यासमोर बसून तेच गाणं सोलणार होती. तिला सांगायचं की गप्प बसायचं, एवढाच प्रश्न होता. मी गप्प बसले. चहा टाकते म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात उगीचच दोन वेळा पातेलं धुतलं.

मी या धंद्यात आले तेव्हा भिलाईत एडिटिंग हा शब्द कोणी वापरत नसे. मिक्सिंग म्हणत. वडील इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये क्लार्क, आम्ही मूळ भंडाऱ्याकडचे. क्वार्टरच्या मागच्या खोलीत मी दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर मांडून बसले तेव्हा वडिलांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मग त्यांच्याच सेक्शनच्या साहेबांच्या मुलीचं लग्न माझ्याकडे आलं आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला खोली दाखवू लागले.

लग्नाच्या मिक्सिंगचा एकच कायदा होता: एकही चेहरा सुटता कामा नये. मेंदीचे हात, गुलाबाच्या पाकळ्यांतून फिरणारी नवरानवरी, हे सगळं मागाहून. आधी चेहरे. आमच्या मराठी लोकांत तर कॅसेट तयार झाली की घरचे दहा-बारा जण माझ्या खोलीत सतरंजी टाकून बसायचे आणि गाणी-बिणी सोडून माणसं तपासायचे. मोठे मामा आले? आले. गोंदियाच्या मावशी? आल्या. नणंदेची जाऊ? तिथे टेप थांबायची आणि सगळे माझ्याकडे बघायचे. एकदा नवरदेवाचा चुलता सुटला, कारण तो पूर्ण लग्नभर आचाऱ्याजवळ उभा राहून भाजीत मीठ कमी आहे म्हणून भांडत होता. त्याच्या बायकोनं माझ्या दारात येऊन असा काही तमाशा केला की मी हळदीची टेप पालथी घालून त्याची दोन सेकंदं शोधली आणि मंगलाष्टकांच्या मधे चिकटवली. सगळे जरीत नटलेले, अक्षता पडताहेत आणि मधेच चुलता उघड्या अंगानं, खांद्यावर पंचा, गालाला हळद. पण होता! बाईनं मला दुसऱ्या दिवशी डबाभर अनारसे आणून दिले.

आमच्या घरात ही बढाई सगळ्यांना पाठ आहे. आत्याच्या कॅसेटीतून दारातलं कुत्रंसुद्धा सुटत नाही. भाऊ सांगतो, वहिनी सांगते, भाची तर कॉलेजात सांगत असणार.

नंतर लग्नं गेली. म्हणजे लग्नं होतात, पण नव्या पोरांना माणसं नकोत, धूर पाहिजे. नवरी धुरातून येते, नवरदेव धुरात उभा, मामा-मावश्या मागे अंधुक. माझ्याकडचं काम आटलं, तेव्हा मी अल्बम घेऊ लागले. छत्तीसगढी गाण्याच्या व्हिडिओला इकडे अल्बम म्हणतात, गाणं एकच असलं तरी. त्यातलंच हे एक.

चहा घेऊन आले तेव्हा भाचीनं वहीत तीन रकाने पाडले होते.

"कॅमेरा सांगतो तुले," ती म्हणाली. "पहिला शॉट ड्रोनचा, तलावावरून. गाण्यात तलाव कोठीच नाही."

"ड्रोन भाड्यानं आणला की उडवावाच लागतो," मी म्हणाले.

ती हसली आणि ते लिहून घेतलं. मग हिरो आला. भिलाईबाहेर कुरुदकडच्या एका अर्धवट बांधलेल्या फार्महाउसच्या गच्चीवर, भर उन्हात, पिवळं लेदरचं जॅकेट घालून घाम गाळणारा. कॅमेरा त्याच्या बुटांपाशी लोळण घेऊन खालून वर बघतो. हिरोईन आली की तोच कॅमेरा शिडीवर चढतो आणि वरून तिच्या ब्लाउजात डोकावतो. भाचीनं लिहिलं: तो मोठा, ती लहान. बरोबर होतं. अगदी बरोबर होतं आणि मला त्या पडद्याकडे बघवत नव्हतं. एखाद्याच्या घरी जेवायला जावं आणि पानात आपणच फेकलेलं शिळं यावं, तसं झालं होतं.

वेशभूषेचा रकाना तर तिनं रागारागानंच भरला. हिरोईनला नेसवला होता लुगरा, म्हणजे इकडच्या बायकांचं लुगडं. पण साटीनचा, चमकीचा, शिवलेला आणि मागे चेन लावलेला. गुडघ्याच्या वीतभर वर. लुगरा नेसलेल्या बायका मी जन्मभर बघत आले. भाताच्या रोवणीला चिखलात उतरताना त्या तो वर खोचतात. इथे तो कशासाठी वर होता हे सांगायला नको. कमरेला चांदीच्या करधनीऐवजी प्लॅस्टिकची चंदेरी साखळी आणि तिच्यावर कॅमेरा असा चिकटलेला जसं काही तिथूनच गाणं ऐकू येतंय.

आणि मागे पाच मुली. तसलाच साटीन, पण आणखी स्वस्तातला, एकदा धुतल्यावर रंग गेलेला. त्यांच्या कमरा दिसतात. पोट दिसतं, मांड्या दिसतात, हात दिसतात. चेहरा एकीचाही दिसत नाही.

भाचीनं गाणं तीनदा मागे-पुढे केलं. "एक बी चेहरा नाही, आत्या. पूर्ण गाण्यात. मानेच्या वर काहीच नाही. हा कॅमेरामन किती घाण आदमी असन!"

मी चहाचा घोट घेतला आणि कॅमेरामनला घाण होऊ दिलं. बिचारा भिलाईच्याच पॉवर हाउस वस्तीतला साधा माणूस, लग्नांत माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेला. त्यानं त्या पाचही मुली डोक्यापासून पायापर्यंत नीट चौकटीत घेतल्या होत्या. गजरे, टिकल्या, दात, सगळं. माना छाटणारी मी होते.

त्या पाचांतली एक माझ्याकडे आली होती. मी गाणं कापत असताना एका दुपारी दारात उभी. कुरुदची मुलगी, एकोणीस-वीस वर्षांची, पायात घासलेल्या चपला. हिंदीत घाबरत बोलत होती. मी फोनवर भावाशी मराठीत बोलले तशी तिची कळी खुलली.

"ताई, तुमी मराठी होय? आमी बी गोंद्याकडले. बाबा ठेकेदाराकडे आहे, प्लांटात." मग जरा थांबून, "ताई, मले एकडाव दाखवता? मी कोठी आहो ते. डावीकडून दुसरी."

मी दाखवलं. मूळचा शॉट, पूर्ण चौकट. तिची एक गिरकी चुकते, ती जीभ चावते, खुदकन हसते आणि पुढच्याच ठोक्याला बरोबर पकडते. गाण्यातलं खरं म्हणावं असं तेवढंच होतं. तिनं ते पाहिलं आणि तोंडावर हात घेतला.

"घरी सांगतलं मी का गान्यात आहो," ती म्हणाली. "बाबा म्हनते, झूट बोलते. दिसशीन तवा मानीन म्हनते. हे ठेवसान ना, ताई?"

"ठेवीन," मी म्हणाले. "दिसशील तू." तिचा नंबर लिहून घेतला, माझा दिला, गाणं आलं की कळवीन म्हणाले. आत्याच्या कॅसेटीतून कोणी सुटत नाही, अशी माझी ऐट.

दोन दिवसांनी प्रोड्युसर आला. खुर्चीत रेलून, दातात काडी घालत त्यानं गाणं पाहिलं आणि म्हणाला, "दीदी, पीछे वाली लड़कियों के चेहरे हटाओ. सांवली हैं सब. कमर अच्छी है, कमर रखो."

अशा माणसाला कॉलर धरून बाहेर काढायला पाहिजे होतं. माझं घर, माझी खोली, माझी खुर्ची. मी म्हणाले, "शॉट मोठा केला तर फाटेल, दाणे दिसतील." एवढंच म्हणाले. त्याच्या बोलण्याची शिसारी आली होतीच, पण आज जास्त किळस येते ती याची की मला सुचलेली हरकत चित्राच्या स्वच्छतेची होती. तो म्हणाला, फटने दो, कौन देखता है. पुढची तीन गाणी तुम्हालाच देईन, हेही म्हणाला. आणि मी एकेक शॉट घेतला, मोठा केला, वर सरकवला, चेहरे चौकटीबाहेर गेले की नाही ते नीट तपासलं. नीट! सवयीनं. ज्या डोळ्यांनी सुटलेले मामा शोधले त्याच डोळ्यांनी राहिलेली हनुवटी शोधून काढली. डावीकडून दुसरीची गिरकीही राहिली. कमरेपासून.

गाणं आल्यावर त्या मुलीचा दोनदा फोन आला. मी उचलला नाही. नंतर आला नाही.

"आत्या!" भाची ओरडली तेव्हा मी दचकलेच. तिनं गाणं थांबवलं होतं आणि पडद्याला नाक लावून बसली होती. "हा शॉट फाटून कावून राहिला? हे पाह्य. हिरोचा एकदम क्लिअर. पोरींचा आला का दाणे दाणे दिसतात. कॅमेरा तर एकच असन ना?"

"असेल काहीतरी. कमी उजेड," मी म्हणाले.

"भर दुपारचं ऊन आहे." तिनं दोन शॉट शेजारी-शेजारी लावले. मान वाकडी करून बघत राहिली. छोटा शॉट ताणून मोठा केला की तो फाटतो, हे तिला चौथीत असताना मीच शिकवलं होतं. तिच्याच वाढदिवसाच्या फोटोवर. "झूम केलं आहे," ती सावकाश म्हणाली. "कॅमेऱ्यानं नाही. बाद में. मतलब फ्रेम मोठी होती. मतलब चेहरे होते, आत्या! कॅमेरामननं घेतले होते. एडिटरनं काटले!"

आनंदानं तिनं टाळी वाजवली. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तो लॅपटॉप मिटून टाकावासा वाटला. असं दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

मग ती झपाट्यानं लिहू लागली. मी भाजी निवडायला घेतली, मेथी, आणि देठांबरोबर पानंही टाकत गेले. अर्ध्या तासानं तिनं वाचून दाखवलं. हिंदीत होतं, पण मला ते आजही मराठीतच ऐकू येतं. कॅमेऱ्यानं या मुलींना पूर्ण पाहिलं, असं तिनं लिहिलं होतं. ज्यानं त्यांना कापलं त्यानंही आधी पूर्ण पाहिलं असणार, कारण चेहरा कुठे आहे ते कळल्याशिवाय तो चौकटीबाहेर ढकलता येत नाही. त्यानं प्रत्येकीच्या तोंडाकडे बघितलं आणि मग कापलं. या गाण्यातली सर्वांत अश्लील गोष्ट कपडे नाहीत, कॅमेरा नाही, ही आहे.

"कसं आहे?" तिनं विचारलं.

"चांगलं आहे."

"कसा असन हा आदमी? मले तर ओकारी येऊन राहिली लिहिता लिहिता."

"असेल कोणी. पोटासाठी करणारा."

"पोट तर तुलेबी आहे," ती म्हणाली. सहज म्हणाली, पान उलटता उलटता.

मग तिनं शेवटचं पान काढलं. तिथे आभार होते. सरांचे, आईबाबांचे आणि मग माझे: माझ्या आत्यानं मला बघायला शिकवलं, तिनं एवढ्या वर्षांत कापलेल्या एकाही व्हिडिओतून एकही चेहरा सुटलेला नाही. हे वाक्य तिनं मोठ्यानं वाचलं आणि कौतुकाच्या अपेक्षेनं माझ्याकडे पाहिलं.

तेवढं मात्र मला गिळवलं नाही. बाकी सगळं गिळलं होतं, कॅमेरामनला शिव्या बसू दिल्या होत्या, कमी उजेड म्हणून खोटं बोलले होते, पण हे वाक्य कॉलेजात जाणार, त्यावर मार्क मिळणार, या विचारानं मला माझीच घाण वाटली. मी हात धुतले, कपाटातून जुनी हार्ड डिस्क काढली आणि तिच्या लॅपटॉपला जोडली. त्या गाण्याचं फोल्डर उघडलं आणि मूळचा शॉट लावला.

पाच मुली, डोक्यापासून पायापर्यंत. डावीकडून दुसरीनं गिरकी चुकवली, जीभ चावली, हसली.

भाचीला समजायला वेळ लागला नाही. तिनं फोल्डरचं नाव पाहिलं, फायलींना नावं देण्याची माझी पद्धत ओळखली, मग माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. प्रोड्युसरचं, काडीचं, त्या मुलीचं, तिच्या बाबाचं, न उचललेल्या फोनचं. मी रडेन असं मला वाटलं होतं, पण रडू आलं नाही. स्वतःची किळस आली की रडू येत नाही, नुसतं तोंड धुवावंसं वाटतं.

"तिले दाखवलं तू हे?" तिनं विचारलं. "ती फोन करून राहिली होती तवा?"

"नाही."

"नंतर?"

"नाही."

"मग मले कावून दाखवून राहिली?"

तिनं लॅपटॉप बंद केला, वही पिशवीत टाकली आणि जेवायला न थांबता गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तरी मी डिस्क हातात घेऊन तिथेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो शॉट वेगळा काढला. जुन्या डायरीत नंबर होता. शॉट पाठवला आणि खाली लिहिलं: मी गाणं कापणारी ताई. तुझा चेहरा मी काढला होता. चूक माझी होती. हे तुझ्या बाबांना दाखव.

संध्याकाळपर्यंत काही नाही. मग तिचा फोन आला. यावेळी मी उचलला. ती इतक्या हळू बोलत होती की मला टीव्ही बंद करावा लागला.

"ताई, ते डिलीट करून टाका. मी बी केलं. माह्यं लग्न झालं, तिकडं भिलाई-तीन वस्तीले राह्यते मी आता. इकडं कोनालेच माईत नाही का मी नाचत होती. ते गानं इथं सगळ्याच्या मोबाईलमंदी आहे. सासूच्या बी. मले धडकी भरते, पन चेहरा नाही ना त्याच्यात." मग तिचा आवाज आणखी खाली गेला. "तुमी काटला ते बरं झालं, ताई. देव तुमचं भलं करो."

"आणि बाबा?" मी विचारलं.

"त्याईले आजवर झूटच वाटते," ती म्हणाली. कोणीतरी हाक मारली असावी, तिनं फोन ठेवला.

ज्या कामानं मला दोन वर्षं तोंड लपवायला लावलं त्या कामाचे मला आशीर्वाद मिळाले होते. असे आशीर्वाद की उलटी व्हावी. तिची सासू भाजी चिरता चिरता तिचीच कमर मोबाईलवर बघते आणि ती शेजारी बसून मनात माझे आभार मानते.

भाची चार दिवसांनी आली. पानं जमा करून आली होती. आभारातलं ते वाक्य काढलं की नाही, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाकीचं एक अक्षर बदललं नाही, हे तिनं सांगितलं. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "पाठवलं तिले?"

"पाठवलं. फोन आला होता तिचा."

"काय म्हणाली?"

मुलीचा एक-एक शब्द माझ्या तोंडाशी आला होता. बरं झालं, भलं करो. तेवढं सांगितलं असतं तर भाची विरघळली असती, जेवायला थांबली असती, मला पुन्हा आत्या म्हणाली असती. मला ते फार हवं होतं.

"शिव्या दिल्या तिनं," मी म्हणाले.

"बरं झालं," भाची म्हणाली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.